लिमिटेड एडिशन स्विस घड्याळ घेताना आणि सांभाळताना: नाशिककरांसाठी

मागच्या झाकणावर ‘लिमिटेड एडिशन’ कोरलेलं आहे एवढ्यावरून घड्याळ दुर्मीळ ठरत नाही. ते मागणारे लोक किती आहेत, मूळ अवस्थेत उरलेले नग किती आहेत, आणि समोरच्या नगाचे कागद खरोखर त्याच नगाचे आहेत का, यावर ते ठरतं. पैसे बुडतात ते बहुतेक वेळा या शेवटच्या दोन गोष्टींवर, म्हणून इथे जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

आकड्याचा अर्थ

कंपनी आवृत्तीचा आकडा ठरवते तो बहुधा एखाद्या घटनेवरून. ओमेगाने २००३ मध्ये स्पीडमास्टर या मॉडेलची स्नूपी (कार्टूनमधला कुत्रा) आवृत्ती काढली ती ५,४४१ नगांची. अपोलो १३ ची मोहीम १४२ तास ५४ मिनिटं ४१ सेकंद चालली, त्यातली ही मिनिटं आणि सेकंद. २०१५ च्या दुसऱ्या स्नूपीचे १,९७० नग निघाले, कारण मोहीम १९७० सालची. २०१९ मध्ये अपोलो ११ च्या पन्नाशीला स्टीलची आवृत्ती आली ती ६,९६९ नगांची. टॅग हॉयरने त्याच वर्षी मोनॅकोच्या पन्नाशीनिमित्त पाच आवृत्त्या काढल्या, प्रत्येकी १६९ नग. पाटेक फिलिपने २०२१ मध्ये टिफनी या अमेरिकी दागिन्यांच्या पेढीसाठी नॉटिलस ५७११ या मॉडेलचे १७० नग केले, कारण दोघांचा संबंध १७० वर्षांचा. त्यातला पहिला नग डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलिप्स लिलावात ६५ लाख डॉलरच्या घरात गेला. तेव्हा १६९ आणि १७० हे आकडे शेजारी ठेवून भावाचा अंदाज बांधता येत नाही. आकड्याबरोबर मागणी बघावी लागते.

ती बघायची कशी? आधी त्या कंपनीने गेल्या दोन-तीन वर्षांत किती लिमिटेड आवृत्त्या काढल्या ते मोजा. दर दोन महिन्यांनी नवी आवृत्ती येत असेल तर जुनीला कोणी विचारत नाही. मग नेहमीच्या मॉडेलपेक्षा या आवृत्तीत वेगळं काय आहे ते शोधा. नुसता डायलचा रंग बदललाय, की केस (घड्याळाचं धातूचं घर), मशीन, काटे असं काही खास केलंय? शेवटी जुन्या मालाच्या बाजारात ती कितीला *विकली गेली* ते बघा. जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर झालेल्या सौद्यांचे आकडे जाहीर असतात, ते वाचायची सवय लावून घ्या. आवृत्तीचे बरेच नग छापील किमतीच्या खाली फिरत असतील तर दुकानात नव्याने घेऊ नका, वर्षभर थांबून जुन्यात घ्या.

दुकानात ‘लिमिटेड’ हा शब्द फार सैल वापरला जातो. ठरावीक नग काढून उत्पादन थांबवलं तर ती लिमिटेड. नुसता क्रमांक टाकलाय पण किती काढणार ते सांगितलेलं नाही, तर ती फक्त क्रमांकित. ‘स्पेशल’, ‘अ‍ॅनिव्हर्सरी’, ‘बुटीक’ या शब्दांत नगांची मर्यादा असेलच असं नाही. २०२० ची स्नूपी आवृत्ती वर्धापनाची आहे, पण तिच्या नगांना मर्यादा नाही. मार्च २०२२ च्या मूनस्वॉचसाठी (ओमेगा आणि स्वॉचने मिळून काढलेलं घड्याळ) जगभर रांगा लागल्या, तरी तेही लिमिटेड नव्हतं. आणि रोलेक्स तर सहसा क्रमांकित लिमिटेड आवृत्त्या काढतच नाही. म्हणून कोणी ‘रोलेक्स लिमिटेड, ५०० पैकी ३७’ असं दाखवू लागला तर तिथेच सावध व्हा.

क्रमांक १ किंवा अगदी शेवटचा असेल तर थोडा जास्त भाव मिळतो. मधल्या कुठल्याही ‘लकी’ नंबरासाठी विकणारा वरचे पैसे मागत असेल तर देऊ नका. पुढे विकताना ते परत येत नाहीत.

नजर घरातल्या घड्याळांवर बसवा

लाखांच्या खरेदीआधी सहा महिने जुनी साधी स्विस घड्याळं हाताळा. नाशिकच्या जुन्या वाड्यांत आजोबांचं फेव्हर ल्यूबा, वेस्ट एंड, रोमर, कॅमी किंवा टिटोनी अजून निघतं. फेव्हर ल्यूबा हे नाव १७३७ पासूनचं, आणि भारतात एकेकाळी घराघरांत पोचलेलं. ही घड्याळं लिमिटेड नाहीत. पण मूळ डायल आणि पुन्हा रंगवलेला डायल यांतला फरक शिकायला यांच्याइतका स्वस्त वर्ग दुसरा नाही, कारण भारतात या घड्याळांचे डायल सर्रास रंगवले गेले. परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि हातही लावत नाहीत. चकचकीत नारिंगी, निळा किंवा दोन रंगी डायल, कंपनीने कधीच न काढलेली रंगसंगती, आत भलत्याच घड्याळाचे काटे: हे दिसलं की ओळखायचं.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, यासाठी तेवढं पुरतं. दिवसा, खिडकीतल्या उजेडात बघा. दुकानातला पिवळा दिवा खूप काही लपवतो. डायलवर तिरपा उजेड पडू द्या आणि एक एक अक्षर बघा. कारखान्यात छापलेल्या अक्षराला शाईची किंचित उंची असते, कड धारदार असते, आणि सारख्या अक्षरांची जाडी सारखी असते. पुन्हा छापलेल्या डायलवर शाई कडेला पसरलेली दिसते, मिनिटांच्या रेषा वर बसवलेल्या आकड्यांच्या मध्यावर येत नाहीत, छोट्या डायलच्या कडेवर अक्षर चढतं, आणि तळाशी सहाच्या खाली असायला हवं ते ‘स्विस मेड’ एक तर नसतं किंवा वाकडं असतं. आकड्यांच्या बुडाशी रंगाचा जाड थर साचलाय का, तारखेच्या खिडकीची कड रंगाने बोथट झालीय का, तेही बघा. नाशिक रोडच्या नोटप्रेसमध्ये किंवा सिक्युरिटी प्रेसमध्ये नोकरी केलेलं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना शेजारी बसवा. छापील रेषेची कड कशी असावी हे त्यांना सांगावं लागत नाही.

अंधारात चमकणारा मसाला, म्हणजे ल्यूम, हाही मोठा साक्षीदार आहे. साधारण १९६० च्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरायचे, नंतर ट्रिटियम, आणि १९९८ च्या सुमारास बहुतेकांनी किरणोत्सर्ग नसलेला ल्यूमिनोव्हा घेतला. ट्रिटियमच्या डायलवर ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ असतो. ट्रिटियमची शक्ती दर १२.३ वर्षांनी निम्मी होते, म्हणून १९७५ चं घड्याळ आज टॉर्च मारल्यावर हिरवंगार पेटत असेल तर मसाला नंतर भरलेला आहे. डायलचे ठिपके पिवळसर आणि काट्यांचे पांढरेशुभ्र असतील तर काटे बदललेले. रेडियमचं घड्याळ मात्र घरी उघडू नका. रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षांचं आहे आणि त्याची भुकटी श्वासातून आत जाणं धोक्याचं.

केस, झाकण, क्रमांक

केसवरचं सगळ्यात मोठं नुकसान पॉलिशने होतं. लगवर, म्हणजे पट्टा अडकतो त्या शिंगांवर, कारखान्यात दोन प्रकारची फिनिश दिलेली असते: वरून बारीक रेषांची, बाजूने आरशासारखी. दोन्ही जिथे मिळतात तिथे एक तीक्ष्ण धार असते. भिंगाखाली ती धार टोकापर्यंत सलग जाते का बघा. चारही लगची रुंदी आणि धारेलगतची तिरपी पट्टी सारखी हवी. पॉलिश केलेल्या केसमध्ये ही धार गोलावते, एक लग दुसऱ्यापेक्षा बारीक दिसतो, पिनेचं भोक कडेच्या फार जवळ येतं, आणि झाकणावरची अक्षरं उथळ होतात. धातू एकदा गेला की परत येत नाही. नाण्यांचा संग्रह करणारे नाणं कधी घासून चकचकीत करत नाहीत, आणि नाशिकला तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्थाच आहे. तिथला कुठलाही अभ्यासक हाच नियम सांगेल. ओरखडे असलेलं पण न घासलेलं घड्याळ चकाकणाऱ्या घड्याळापेक्षा जास्त किमतीचं आहे, हे घरच्यांनाही समजावून ठेवा. नाहीतर दिवाळीच्या सफाईत कोणीतरी प्रेमाने ते पॉलिशला देऊन येतं.

आता क्रमांक. लिमिटेड घड्याळावर दोन वेगवेगळे क्रमांक असतात: आवृत्तीचा (म्हणजे १,९७० पैकी अमुक) आणि कंपनीचा सीरियल. ओमेगाचा सीरियल अलीकडच्या मॉडेलवर लगच्या मागे किंवा बाजूला बारीक लेझरने असतो. नव्या रोलेक्समध्ये काचेखालच्या आतल्या कड्यावर, सहाच्या जागी दिसतो. फसवणुकीचा नेहमीचा प्रकार असा: साध्या मॉडेलला लिमिटेडचं झाकण लावायचं, डायल मिळवून बसवायचा, आणि कागद दुसऱ्याच नगाचे जोडायचे. झाकण फिरकीचं असेल तर दहा मिनिटांचं काम. म्हणून आवृत्तीचा क्रमांक, सीरियल आणि वॉरंटी कार्डावरचे क्रमांक स्वतः वाचून कागदावर उतरवून घ्या. विकणाऱ्याने वाचून दाखवलेलं चालत नाही. काही ब्रँड झाकणावर ‘शंभरपैकी एक’ एवढंच कोरतात, वेगळा क्रमांक देत नाहीत. तिथे सगळी भिस्त सीरियलवर आणि कंपनीच्या नोंदीवर.

मुंबई-पुण्याच्या विकणाऱ्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलताना पहिलाच निरोप असा टाका: ‘दादा, घड्याळात इंटरेस्ट आहे. डायल, मागचं झाकण, चारही लग बाजूने, आणि कार्डावरचा नंबर, एवढे फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवाल का? शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा.’ ज्याच्या हातात घड्याळ आहे तो अर्ध्या तासात पाठवतो. ज्याच्याकडे फक्त दुसऱ्याचे फोटो आहेत तो कारणं सांगतो.

मशीन

काटा गुळगुळीत फिरतो म्हणजे घड्याळ खरं, हा समज सोडून द्या. ईटीए २८२४ आणि व्हॅलजू ७७५० या दोन्ही स्विस मशीनच्या चिनी नकला मुबलक आहेत आणि त्या चांगल्या चालतातही. झाकण उघडून बघायला हवं, आणि ते उघडायचं ते घड्याळजीने, योग्य चावीने. चाकू किंवा पक्कड लावू देऊ नका. झाकणाच्या खाचेवरचे ओरखडे हेच सांगतात की आधी कोणीतरी तसंच उघडलंय.

टायमिंगचं यंत्र (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं) असलेला कारागीर शोधा. घड्याळाला पूर्ण चावी द्यायची (साधारण ३० ते ४० फेरे, हाताने चावी द्यायच्या घड्याळात अडेपर्यंत आणि त्यापुढे जोर नाही), मग दहा-पंधरा मिनिटं चालू द्यायचं आणि मग यंत्रावर ठेवायचं. यंत्रात लिफ्ट अँगल, म्हणजे त्या मशीनचा ठरलेला कोन, भरावा लागतो: ईटीए २८२४ ला ५० अंश, रोलेक्स ३१३५ ला ५२. तो चुकला तर अ‍ॅम्प्लिट्यूडचा, म्हणजे आतलं बॅलन्स चाक किती अंश झोका घेतं त्याचा, आकडाच खोटा येतो, आणि बरेच कारागीर तो बदलत नाहीत, म्हणून तुम्हीच विचारा. डायल वर ठेवून अ‍ॅम्प्लिट्यूड २७० ते ३१० मध्ये असेल तर मशीन तंदुरुस्त. उभं धरल्यावर तो २०-४० अंशांनी उतरतो, ते स्वाभाविक आहे. पूर्ण चावीतही २०० च्या खाली येत असेल तर तेल सुकलंय किंवा मेनस्प्रिंग (चावीने आवळली जाणारी मुख्य स्प्रिंग) थकलीय. सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा. बीट एरर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्या वेळेतला फरक, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याखाली बरा. क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र असलेल्या मशीनची चाचणी स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेत १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत होते, आणि सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत यावी लागते. दहा वर्षं वापरलेल्या घड्याळाने आज तेच आकडे द्यावेत असं नाही, पण दिवसाला मिनिटभर पुढे पळत असेल तर आधी चुंबकत्व तपासा. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या, सुई हलली तर हेअरस्प्रिंग (बॅलन्स चाकाची बारीक स्प्रिंग) चुंबकित झालीय. चुंबकत्व काढायला कारागिराला पाच मिनिटं लागतात. या एका कारणाने घाबरून लोक चांगला सौदा सोडतात.

क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) असेल तर चालू करून अर्धा तास फिरू द्या. मिनिटाचा छोटा काटा खुणेवर नीट उडी मारतो का, आणि रिसेट केल्यावर मोठा काटा बरोबर बारावर येतो का ते बघा. अर्धा सेकंदही बाजूला थांबत असेल तर काटा काढून पुन्हा बसवलाय किंवा आतला हॅमर झिजलाय. तारीख बदलून बघायची तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यानची वेळ दाखवत असताना चावीने पटकन तारीख पुढे करू नका. त्या वेळी दाते आपसांत गुंतलेले असतात, तुटतात. आधी काटे साडेसहावर आणा, मग तारीख.

कागद

फुल सेट म्हणजे बाहेरचं आणि आतलं खोकं, वॉरंटी कार्ड, आवृत्तीचं प्रमाणपत्र, पुस्तिका, लटकवलेले टॅग, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या आणि मूळ बिल. लिमिटेडमध्ये खोकंसुद्धा त्या आवृत्तीचं खास असतं, साध्या मॉडेलचं खोकं असेल तर सेट फुटलेला आहे. पट्ट्याच्या काढलेल्या कड्या विसरू नका, पुढच्या गिऱ्हाइकाचं मनगट जाड असलं की सौदा त्यांच्यावर अडतो. पाटेक फिलिपचं मूळ प्रमाणपत्र हरवलं तर कंपनी दुसरं देत नाही. तिच्या जुन्या नोंदींचा उतारा मिळतो, पण तो नोंदवहीत काय लिहिलंय एवढंच सांगतो, समोरचं घड्याळ खरं आहे याची हमी देत नाही.

कागद आणि मोठं नाव दोन्ही असूनही काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण जगजाहीर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या फिलिप्स लिलावात १९५० च्या दशकातलं ओमेगा स्पीडमास्टर २९१५-१ एकतीस लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. २०२३ मध्ये खुद्द ओमेगानेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलं होतं आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. अशा जुळवलेल्या घड्याळाला बाजारात फ्रँकनवॉच म्हणतात. भाग सगळे खरे असू शकतात, घड्याळ मात्र खोटं. म्हणून डायल, काटे, केस आणि मशीन एकाच काळातले आहेत का ते प्रत्येकाचं वेगवेगळं तपासायचं. त्या आवृत्तीचे निदान वीस नग लिलावांच्या फोटोंत बारकाईने बघून मगच आपला नग बघा.

चोरीचं घड्याळ गळ्यात पडू नये म्हणून सीरियल ‘द वॉच रजिस्टर’ या लंडनच्या नोंदणीत तपासता येतो. पाच-सात लाखांच्या व्यवहारात ते शुल्क किरकोळ आहे.

पैसे आणि कर

रोखीचा विषय पहिल्याच बोलण्यात मिटवा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर दुकानदार एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण त्यासाठी बिलावर पॅन बरोबर असायला हवा. नव्या घड्याळावर जीएसटी १८ टक्के. जुन्या मालाचा नोंदणीकृत व्यापारी मार्जिन योजनेत असेल तर जीएसटी फक्त त्याच्या नफ्यावर लागतो, तेव्हा पूर्ण किमतीवर १८ टक्के लावलेलं बिल समोर आलं तर कारण विचारा.

खासगी माणसाकडून घेताना विक्रीची चिठ्ठी करा. तीत दोघांची नावं, पॅन, मॉडेल, सीरियल, आवृत्तीचा क्रमांक, बरोबर मिळालेल्या वस्तूंची यादी, बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक आणि सह्या हव्यात. पैसे ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्याच खात्यात जावेत.

परदेशातून वापरलेलं घड्याळ कुरिअरने मागवू नका. वापरलेल्या मालाची आयात परवान्याशिवाय खुली नाही, आणि पार्सल सीमाशुल्कात अडकलं की सुटायला महिने जातात. मगरीच्या कातड्याचा पट्टा असेल तर त्याला सायटीसचे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) वेगळे कागद लागतात. तो पट्टा परदेशातच काढून ठेवणं सगळ्यात सोपं. नव्या मालावर मूळ सीमा शुल्क २० टक्के होतं. भारत आणि एफ्टा देशांचा (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनस्टाइन) करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि त्यात स्विस घड्याळांवरचं हे शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचं आहे. म्हणजे दरवर्षी हिशेब बदलणार. जी आवृत्ती पुढच्या वर्षीही सहज मिळेल ती घेण्याची घाई नको. परदेशातून हातावर घालून आणलं तर मुंबई विमानतळावर जाहीर करा आणि शुल्काची पावती सेटमध्येच ठेवा, ती नसेल तर पुढे विकताना अडचण येते. इथलंच महाग घड्याळ घालून परदेशी निघताना सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना वाद नाही.

सौदा आणि सर्व्हिस

कॉलेज रोडवर नवी स्विस घड्याळं बघायला मिळतात, पण दुर्मीळ आवृत्त्यांचा बाजार आणि ब्रँडची सर्व्हिस केंद्रं यांसाठी मुंबई गाठावी लागते. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं जमतं. घड्याळ आतल्या खिशात मऊ कापडात ठेवा, मनगटावर नको, आणि त्याचं मोठं खोकं तर हातात अजिबात नको. खोकं आधी कुरिअरने पाठवा. सौदा बँकेच्या शाखेत किंवा विकणाऱ्याच्या दुकानात दिवसा करा. पैसे पाठवायच्या आधी ब्रँडच्या केंद्रात एकत्र जाऊन घड्याळ दाखवण्याची अट घाला. खरा विकणारा तयार होतो.

सर्व्हिसला देताना जॉब शीटवर स्वतःच्या हाताने लिहा: केस पॉलिश करू नये, डायल आणि काटे विचारल्याशिवाय बदलू नयेत, काढलेले भाग परत द्यावेत. केंद्राला घड्याळ नव्यासारखं करून देण्याची सवय असते, आणि संग्राहकाला नेमकं तेच नको असतं. काही ब्रँड जुने भाग परत देत नाहीत, तेव्हा दुरुस्तीला होकार देण्याआधी हा प्रश्न विचारून घ्या. नियमित वापरात साधारण पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिस पुरते. रोलेक्स स्वतः दहा वर्षांच्या आसपास सांगते.

नाशिकच्या हवेत सांभाळताना

जून ते सप्टेंबर हा खरा त्रासाचा काळ. कपाटात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राखा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला. रंग बदलणाऱ्या घेतल्या तर कधी वाळवायच्या ते कळतं. पट्टा चामड्याचा असेल तर काढून वेगळा ठेवा, बुरशी आधी त्यालाच धरते. कार्ड आणि पुस्तिका प्लास्टिकच्या पाकिटात, पण तिथे डांबराच्या गोळ्या नकोत, वास खोक्याला कायमचा बसतो. बॅटरीचं घड्याळ वर्षभर ठेवायचं असेल तर बॅटरी काढून ठेवा. गळली तर सर्किट खाते. ऑटोमॅटिक घड्याळ सतत फिरवत ठेवायची गरज नाही, बंद राहिलं तरी चालतं. पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणारं) असेल तरच वाइंडरचा, म्हणजे घड्याळ फिरवत ठेवणाऱ्या डब्याचा, उपयोग.

द्राक्षबाग असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. गंधकाच्या आणि बोर्डो मिश्रणाच्या फवारणीच्या दिवशी चांगलं घड्याळ बागेत नेऊ नका. गंधकाने चांदीचा मुलामा असलेला डायल काळवंडतो आणि ब्राँझची केस डागाळते. ओरिसने २०१६ मध्ये काढलेल्या कार्ल ब्रॅशियरसारख्या ब्राँझच्या आवृत्त्यांना (ते २,००० नग) वयाने येणारा रंग हवाच असतो, पण एका दुपारी आलेला हिरवा डाग म्हणजे तो रंग नव्हे. घामाने खराब झालेला धातूचा पट्टा मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने धुवा, चावी पूर्ण आवळलेली आहे हे बघून. तीस वर्षांपेक्षा जुन्या घड्याळाला झाकणावर काहीही लिहिलेलं असो, पाणी लावू नका. आतले रबरी वॉशर कधीच कडक झालेले असतात.

लॉकरबद्दल बऱ्याच जणांची समजूत चुकीची असते. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं ३,००० असेल तर भरपाई जास्तीत जास्त तीन लाख. आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेची चूक नसेल तर, तेवढीही नाही. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत आलं की सराफ बाजार आणि नदीकाठच्या गल्ल्यांची काय अवस्था होते ते नाशिकला नव्याने सांगायला नको. लॉकर घ्यायचा तर नदीपासून लांब, तळघरात नसलेल्या शाखेत घ्या. खऱ्या संरक्षणासाठी घराच्या विम्यात मौल्यवान वस्तूंचा स्वतंत्र भाग घेऊन प्रत्येक घड्याळ सीरियलसह आणि ठरलेल्या किमतीला नोंदवा. किंमत दर दोन वर्षांनी लेखी मूल्यांकनाने वाढवा, आणि घराबाहेर घातलं असताना चोरी झाली तर विमा लागू आहे का ते पॉलिसीत वाचा. बऱ्याच पॉलिसींत तो भाग वेगळा विकत घ्यावा लागतो.

प्रत्येक घड्याळाची एक फाईल ठेवा: बिल, टीसीएस आणि सीमाशुल्काच्या पावत्या, सर्व्हिसची जॉब शीट, टायमिंग यंत्राच्या नोंदी, आणि घेतल्या दिवशी काढलेले लगचे, झाकणाचे आणि डायलचे फोटो. सर्व्हिसहून परत आलं की त्याच कोनातून पुन्हा फोटो काढून जुन्यांशी ताडून बघा. लगची धार तेव्हाच तपासली तर केंद्राशी बोलता येतं, सहा महिन्यांनी कोणी ऐकत नाही. या फाईलची एक प्रत घरातल्या अशा माणसाकडे द्या ज्याला कुठलं घड्याळ कुठल्या खोक्यातलं ते माहीत आहे, कारण सेट बहुतेक वेळा मालकाच्या पश्चात वाटणी करतानाच फुटतात.